दिवा लागला, तर गप्प बसू नका

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. भंडाऱ्याहून लग्न आटोपून आम्ही लकडगंजला परत येत होतो. भर दुपार, नागपुरी ऊन, गाडीत एसी सुरू. इतक्यात स्टिअरिंगमागे एक लाल दिवा लागला, पाण्यात बुडवलेल्या थर्मामीटरसारखा. मी म्हटलं, "अहो, हे काय लागलं?" उत्तर आलं, "काही होत नाही, घर आलंच आता." मी गप्प बसले. पारडीपर्यंत येतो न येतो तोच बॉनेटमधून वाफा निघू लागल्या. त्या 'घर आलंच'पायी इंजिनाचं काम निघालं आणि घरखर्चाचं गणित पार कोलमडलं.

चूक यांची होती, तशी माझीही. दिवा मला दिसला होता, पण त्याचा अर्थ ठाऊक नसल्यामुळे "आत्ता थांबवा" असं ठासून सांगता आलं नाही.

मैत्रिणींनो, हे शिकायला काही इंजिनिअर व्हावं लागत नाही. लाल म्हणजे धोका, जागा बघून गाडी थांबवा. पिवळा म्हणजे लवकर गॅरेजला दाखवा. हिरवा-निळा म्हणजे नुसती माहिती. तेलाच्या झारीचं चित्र लाल झालं, तर ऑइलचा दाब कमी झालेला असतो. इंजिन लगेच बंद करा. बॅटरीचं चित्र म्हणजे चार्जिंग होत नाही. गोलात उद्गारचिन्ह दिसलं, तर आधी हँडब्रेक बघा. तो खाली असूनही दिवा राहिला, तर ब्रेक ऑइल कमी असू शकतं, मग गाडी पुढे नेऊच नका. थर्मामीटर लाल झाला, तर एसी आणि इंजिन बंद करा. आणि हो, गरम रेडिएटरचं झाकण मुळीच उघडू नका, उकळतं पाणी अंगावर उडतं.

चावी फिरवली की बरेचसे दिवे एकदम लागतात आणि थोड्या वेळात विझतात. ती त्यांची हजेरी असते. जुनी गाडी घेताना ही हजेरी जरूर बघा. एअरबॅगचा दिवा लागलाच नाही, तर काहीतरी दडवलंय असं समजा.

आपल्याकडे दिव्याला आणि आवाजाला उत्तर देण्याऐवजी ते बंद करण्याचीच खोड फार. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत सीटबेल्टची सूचना सक्तीची झाली. लोकांनी काय केलं? बेल्ट लावण्याऐवजी आवाज बंद करणाऱ्या क्लिपा घेतल्या! शेवटी २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पाच ऑनलाइन कंपन्यांना त्या विक्रीतून काढायचा आदेश द्यावा लागला.

आमच्या लकडगंजात आरा मशीनवरच्या माणसाला पात्याचा आवाज बदललेला लगेच कळतो. तो मशीन थांबवतो. "एवढं लाकूड कापून घेतो, मग बघू" म्हणत नाही. मग आपणच का म्हणावं?

गाडी चालवता येत नसली, तरी शेजारच्या सीटवर आपणच असतो आणि मागे आपलीच लेकरं. गाडीसोबत आलेलं पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात पडून असतं. या रविवारी ते काढा, मुलीला जवळ बसवा आणि दोघी मिळून दिव्यांचं पान वाचा. पुढच्या वेळी दिवा लागला, की "हे काय लागलं?" असं विचारू नका. "गाडी बाजूला घ्या," असं सांगा.