देशदर्शन: कान्ह्याची कुरणे

वनयात्रेस निघालेल्या कुटुंबात मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "वाघ दिसेल ना?" आणि तो न दिसल्यास प्रवास फुकट गेला असे थोरांनाही वाटते. मध्य प्रदेशातील मंडला व बालाघाट या जिल्ह्यांत पसरलेल्या कान्हा राष्ट्रीय उद्यानात जाणाऱ्यांनी मात्र वाघाइतकेच लक्ष तेथील गवताकडे द्यावे.

सालवृक्षांची दाट राई संपते आणि एकाएकी विस्तीर्ण कुरण समोर उलगडते. बारशिंग्याचे हेच माहेर. तराई व आसामातील त्याचे भाऊबंद दलदलीत वावरतात. कान्ह्याचा बारशिंगा कठीण भूमीवर राहतो आणि जवळजवळ केवळ गवतावरच जगतो. थंडीत माजावर आलेले नर गवताचे झुबके शिंगांत अडकवून मिरवतात, तो थाट पाहण्याजोगा असतो.

1955 मध्ये कान्ह्यास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, तरी बारशिंग्यांची संख्या घटतच गेली. शिकार, शेती व गुरांची चराई यांनी त्यांचा चारा आणि पाडसांचा आडोसा हिरावला होता. 1970 च्या गणनेत अवघे 66 उरले. पुढे कुरणे राखली गेली, काही जनावरे कुंपणात सुरक्षित वाढविण्यात आली. आज त्यांची संख्या कित्येक शेकड्यांवर गेली असून 2015 पासून काही बारशिंगे सातपुड्याच्या अरण्यातही नेऊन सोडण्यात आले आहेत.

परंतु या यशाची किंमत कोणी दिली, हेही मुलांना अवश्य सांगावे. सौंफच्या मैदानावर पूर्वी त्याच नावाचे गाव होते. 1969 पासून उद्यानातील अशी अनेक गावे उठविली गेली. त्यांत बहुतांशी गोंड व बैगा कुटुंबे होती. पिढ्यान् पिढ्यांचे रान सोडून त्यांना अन्यत्र संसार मांडावा लागला. आपण ज्या शांततेचे कौतुक करतो, तिच्याखाली कोणाच्या तरी चुली विझल्या आहेत.

नागपूर अथवा जबलपूरहून मोटारीने येथे जाता येते. पावसाळ्यात उद्यानाचा अंतर्भाग बंद असतो. हिवाळ्यातील पहाटे उघड्या गाडीत कडाक्याची थंडी बोचते, तेव्हा लोकरीचे कपडे न विसरता घ्यावेत. कुरणाच्या कडेला गाडी थांबली की क्षणभर कोणीही बोलू नये. वाघ दिसला तर भाग्यच. न दिसला तरी, एवढ्या मोलाने राखलेले गवत डोळे भरून पाहिल्याखेरीज परतू नये.