पायी चालणाऱ्याच्या पुलाला धनी हवा

सातपुड्यात पाऊस कोसळतो तेव्हा खाली फैजपुरात कधी कधी ऊन पडलेलं असतं. थोड्याच वेळात धाडी, मोर, सुकी या नद्यांना गढूळ लोंढा येतो. डोंगरातून थेट उतरणाऱ्या या नद्यांचं पाणी झपाट्यानं चढतं आणि तसंच ओसरतंही. पण तेवढ्यात पलीकडच्या वस्तीतली पोरं शाळेच्या बाजूला अडकतात, केळीच्या मळ्यातून परतणाऱ्या बाया काठावर खोळंबतात आणि अंधार पडायला लागला की कुणीतरी पाण्यात पाय घालतं. अशी घाई जिवावर बेतते.

वस्ती पूल मागते आणि तिला मिळते फरशी. सिमेंटच्या नळ्या टाकून वर काँक्रीट ओतलं की आठ महिने ट्रॅक्टर, बैलगाडी, माणूस सगळं त्यावरून जातं. उरलेल्या चार महिन्यांत काय होतं, ते पूर ओसरल्यावर जवळ जाऊन पाहावं. वाहत आलेले केळीचे खांब, बाभळीच्या फांद्या आणि प्लॅस्टिक नळ्यांच्या तोंडाशी गच्च बसलेलं असतं. नळ्या बुजल्या की पाणी फरशीवरून वाहतं आणि कडेचा भराव कापून स्वतःची वाट काढतं. फरशी जागेवर राहते, तिच्यापर्यंत जाणारा रस्ता मात्र वाहून जातो. म्हणून मोठ्या पुलाचा निधी येईपर्यंत थांबू नये. पायी जाणाऱ्यांसाठी पुराच्या पाण्याच्या वर असलेला वेगळा पूल आधी बांधावा, असं माझं ठाम मत आहे.

मात्र नुसता पूल बांधून भागत नाही, हे मावळातल्या कुंडमळ्यानं दाखवून दिलं. १५ जून २०२५ रोजी, रविवारी, इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला. चौघांचा जीव गेला, पन्नासच्या आसपास माणसं जखमी झाली. पूल धोकादायक असल्याचे फलक तिथं लागलेले होते. तरी माणसं गेली, दुचाकीही गेल्या. नव्या पुलाला ८ कोटी रुपये मंजूर होते आणि कार्यादेश अपघाताच्या काही दिवस आधीच निघाला होता. म्हणजे धोका ठाऊक होता, पैसाही होता. पण नवा पूल उभा राहीपर्यंत जुन्यावरची ये-जा रोखणं हे अमक्याचंच काम, असं म्हणायला कुणी जागेवर नव्हतं.

याच्या शेजारी महाडचं उदाहरण ठेवून पाहा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरचा १९२८ सालचा पूल वाहून गेला. तो मुंबई-गोवा महामार्गावरचा पूल होता. नवा पूल ५ जून २०१७ रोजी वाहतुकीला खुला झाला, बांधकाम अवघ्या १६५ दिवसांत उरकलं. आपल्याकडे कौशल्य नाही असं कुणी म्हणू नये. महामार्गाला धनी असतो. तो बंद पडला की मंत्रालयापर्यंत फोन जातात. पाऊलवाटेचं तसं नाही. नदी पाटबंधारे खात्याची, एक काठ एका ग्रामपंचायतीचा, दुसरा दुसरीचा, पूल जिल्हा परिषदेचा की सार्वजनिक बांधकामचा, यावरच पत्रव्यवहार चालतो. सगळ्यांच्या हद्दीत असलेला पूल कुणाच्याच वहीत नसतो.

आखणीतही पायी माणूस असाच निसटतो. जागा निवडताना जमीन कुठं सहज मिळते ते पाहिलं जातं, लोक कुठून उतरतात ते नाही. मग पूल एकीकडे उभा राहतो आणि लोक जुन्याच उतारानं पाण्यात शिरतात. उंची ठरवताना गेल्या वर्षीचा पूर पुरेसा नाही. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा, दोन्हींचा हिशेब काढावाच लागतो. रुंदी इतकी हवी की तिरडी चार खांद्यांवर नीट जाईल आणि बाळंतीण खाटेवरून नेता येईल. चढाला पायऱ्यांऐवजी उतरण हवी. डोक्यावर चाऱ्याचा भारा असलेल्या बाईला ओल्या पायऱ्या म्हणजे नवाच धोका.

भाराचंही तसंच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या संहितेत जत्रा, यात्रा भरणाऱ्या ठिकाणच्या पादचारी पुलासाठी दर चौरस मीटरला ५०० किलो भार धरायला सांगितलं आहे. म्हणजे ४० मीटर लांब आणि २ मीटर रुंद पुलावर गर्दीचा भार ४० टन झाला. माणसं हलकी असतात, हा समज किती खोटा आहे ते एवढ्यावरून कळेल. शिवाय माणसं चालताना भार हलता असतो. लंडनचा मिलेनियम पूल जून २००० मध्ये उघडला आणि चालणाऱ्यांच्या पावलांनी डोलायला लागल्यामुळे दोनच दिवसांत बंद करावा लागला. धक्के शोषणारी यंत्रणा बसवून तो २००२ मध्ये पुन्हा सुरू झाला. डोलणं दिसताच पूल बंद करण्याचा अधिकार असलेला कुणीतरी तिथं होता, हे मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडेही तो अधिकार आधी कागदावर यावा. ज्या गावाला पूल हवा, त्यानं ग्रामसभेचा ठराव नुसता ‘पूल व्हावा’ असा करू नये. कायद्यानं ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते. पुष्कळ गावांत ती सह्यांपुरती उरते. ती खरोखर नदीकाठी भरवावी आणि कुठून, कधी, काय घेऊन उतरता, हे रोज उतरणाऱ्या बायांनाच विचारावं. त्या दाखवतील ती जागा ठरावात लिहावी. त्याखाली पुलाचा धनी कोणता विभाग, हे नावानिशी लिहावं. दर वर्षी मेअखेर तपासणी कोण करणार, दुचाकी अडवणारे खांब कोण राखणार, दुरुस्तीचा पैसा कोणत्या शीर्षाखाली पडणार आणि पूल धोकादायक ठरला तर त्याच दिवशी दोन्ही टोकं कोण बंद करणार, हेही त्यात यावं. फैजपूरसारख्या नगरपालिकेच्या गावात हीच कलमं नगरसेवकांनी सभेपुढं ठेवावीत.

भूमिपूजनाचा नारळ या उत्तरांनंतर फुटावा. उत्तरं मिळत नसतील तर निधीच्या घोषणेवर टाळ्या वाजवायला आपण जाऊ नये.