विद्यार्थी की संशयित?

गेल्या पावसाळ्यात आमचा एक हुशार विद्यार्थी शिफारसपत्र न्यावयास आला आणि जाता जाता म्हणाला, “सर, व्हिसाच्या मुलाखतीत खरे सांगू, की योग्य ते सांगू?” हा प्रश्न त्यास कोणी शिकविला, याचा विचार सुज्ञ पालकांनी अवश्य करावा.

१८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेत उतरल्या, तेव्हा व्हिसाची अट नव्हती. तो काळ उदार होता असे मात्र नव्हे. चिनी मजुरांस दार बंद करणारा कायदा तेथे आदल्याच वर्षी झाला होता. पण “परत जाशील ना?” याची शपथ आनंदीबाईंस कोणी घातली नाही.

आज १९५२ च्या कायद्याचे २१४ वे कलम विद्यार्थ्यास प्रथमपासूनच कायमचा वस्तीकरू मानते. तसे नसल्याचे सिद्ध करणे त्याच्याच माथी. विद्यापीठाचा आय-२० कागद, बँकेचे दाखले, भरलेली शुल्के, सारे हाती असता काही मिनिटांच्या मुलाखतीत नकार मिळतो. त्यावर अपील नाही, शुल्काचा परतावा नाही. हाती येतो तो कलमाचा आकडा लिहिलेला कागद. व्हिसा मिळाला तरी ती केवळ दार ठोठावण्याची परवानगी; आत घ्यावे की परत धाडावे, हे विमानतळावरील अधिकारी ठरविणार. जून २०२५ मध्ये तर विद्यार्थ्यांनी समाजमाध्यमांवरील आपली खाती सर्वांस खुली करावी, असे फर्मान निघाले.

आपले दार राखण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्रास आहे, हे आम्हांस मान्य आहे. आमचा आक्षेप पहाऱ्यावर नाही, प्रश्नावर आहे. पदवीनंतर वर्षभर, आणि विज्ञान-अभियांत्रिकीच्या पदवीधरांस आणखी चोवीस महिने, नोकरीची मुभा ज्या राज्याने स्वतःच दिली, त्यानेच एकवीस वर्षांच्या मुलाकडून परतीची हमी मागावी, हा कोठला न्याय? “अजून ठाऊक नाही” हे एकच प्रामाणिक उत्तर. आणि नेमके तेच घातक!

म्हणून आमच्या शहरांतून पढविलेली उत्तरे विकणारे वर्ग चालतात, व आम्ही सभ्य गृहस्थ त्यांची फी मुकाट्याने भरतो. विद्यामंदिराच्या उंबरठ्यावर पहिला पाठ असत्याचा! विद्यार्थ्याचा अभ्यास, पैसा, वर्तन खुशाल तपासावे. नकाराचे कारण लेखी द्यावे, फेरविचारास वाव ठेवावा. इतके झाल्यास त्या मुलास एकच उत्तर देता येईल: “बाळ, खरे तेच सांग.” त्या दिवशी ते आमच्या तोंडून निघाले नाही, याची लाज आम्हांस वाटते.