अडलेलें इंजिन

एका वाचकभगिनींचें पत्र आलें आहे. परदेशीं असलेल्या धाकट्या दिरांनीं मुलासाठीं विजेवर चालणारी आगगाडी पाठविली. दिवाळीपर्यंत ती उत्तम धांवली. पुढें अडखळूं लागली, व आतां जागची हालत नाहीं. ‘पोरानें उघडून बिघडविली’ असा घरांतील वडील मंडळींचा निर्णय होऊन गाडी माळ्यावर गेली आहे व पोरगा कोपऱ्यांत बसला आहे. हा निर्णय साक्षीपुरावा न घेतां झाला, असें आम्हांस वाटतें.

प्रथम विजेची वाट समजून घ्यावी. या गाड्यांतील बहुप्रचलित प्रकार ‘एचओ’ नांवाचा. खऱ्या गाडीच्या १:८७ प्रमाणाचा, रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर. भिंतींतील २३० व्होल्टांची वीज पेटींत उतरून सुमारें १२ व्होल्टांची, एकाच दिशेनें वाहणारी अशी होते. एका रुळांतून ती चाकांत, चाकाच्या पाठीस टेकलेल्या पातळ धातूच्या पट्टींतून मोटरींत, कोळशाच्या ब्रशांवाटे फिरत्या भागांत, व तशीच दुसऱ्या बाजूनें दुसऱ्या रुळांत परत जाते. इतक्या अल्प दाबाच्या विजेस मळाचा पापुद्राही ओलांडवत नाहीं.

आतां पत्रांतील क्रम पहा: आधीं नीट, मग अडखळणें, मग बंद. मोडलेली वस्तु बहुधा एकाएकीं थांबते. हळूहळू थांबणें हें मळाचें लक्षण आहे. फोडणीचा तेलकट धूर, पावसाळी हवा, सतरंजीचे धागे, घरांतील केस, हे आमचे संशयित आहेत.

न्यायशास्त्रांत अन्वय व व्यतिरेक अशा कसोट्या आहेत: एक असतां दुसरें असतें, एक नसतां दुसरें नसतें. दुसरें इंजिन असल्यास तें त्याच रुळांवर ठेवावें. तेंही थांबलें तर दोष रुळांत किंवा पेटींत. धांवलें तर पहिल्या इंजिनांत. दुसरें नसेल तर ९ व्होल्टांच्या चौकोनी बॅटरीस दोन तारा जोडून त्यांचीं टोकें उजव्या व डाव्या चाकांस क्षणभर लावावीं. एकाच जोडीवर न थांबतां सर्व चाकांवर करून पाहावें. मोटर फिरली तर इंजिन निर्दोष, आणि पोरगाही. मात्र जर्मनींतील मेर्कलिनच्या, रुळांच्या मधून वीज घेणाऱ्या इंजिनांस, तसेंच पोटांत संगणकी चकती असलेल्यांस, ही कसोटी लावूं नये.

पेटी अमेरिकेंतून आली असून तिजवर केवळ १२० व्होल्ट छापलें असेल, तर ती आपल्या भिंतींत थेट लावूंच नये. ती जळेल, आणि नुसती तीच जळेल असें नाहीं.

रूळ पुसण्यास स्वच्छ कापड व आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यावें. पेटी बंद ठेवावी व रूळ वाळल्यावरच सुरू करावी. कांचकागद नको, त्याच्या ओरखड्यांत मळ अधिकच घर करतो. चाकेंही तशींच पुसावीं. आंसाभोंवतीं गुंडाळलेले केस चिमट्यानें काढावे, व पट्ट्या चाकांस टेकतात कीं नाहीं तें भिंगानें पाहावें. हें काम ज्याच्यावर आळ आहे त्याच्याकडूनच करवावें; लहान बोटें येथें मोठ्यांहून सरस ठरतात. पुण्यास कोथरूडमध्यें १९९८ सालीं उघडलेलें चिमुकल्या आगगाड्यांचें संग्रहालय ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांस ही विद्या पोरखेळ नव्हे हें सांगावयास नको.

गाडी एकाच ठिकाणीं अडते, तर तेथील रुळांची जोडपट्टी ढिली असते. पेटी गरम होऊन स्वतःच बंद पडते, तर केसांचा आंकडा दोन्ही रुळांवर आडवा पडला आहे काय तें आधीं पाहावें. दिवा लागतो पण चाकें स्तब्ध, तर वीज आंत पोहोंचली आहे. ब्रश झिजले असतील किंवा दांतेरी चाकांत कांहीं अडकलें असेल. अशा वेळीं गुणगुणत्या मोटरीस वीज देत राहूं नये, तिच्या तारा जळतात.

तेल द्यावयाचें तें प्लॅस्टिकला चालणारें, पातळ, आणि सुईच्या टोकावर मावेल तेवढेंच. ब्रशांवर थेंबही जाऊं देऊं नये. खोबरेल तर नकोच. थंडींत तें थिजतें व दांतेरी चाकें त्यांत रुततात.