तुमचं आवडतं गाणं कोणतं?

परवा परळच्या एका टॉवरच्या तळमजल्यावर रसिकांचा मेळावा होता. त्या जागी आधी गिरणी होती. भोंगा कुठं असेल ते बघत मी आत शिरलो. माझ्या कविता वाचणारा एक दोस्त घेऊन गेला होता. खेळ सोपा. गोल बसायचं आणि एकेकानं सांगायचं, आपलं आवडतं गाणं कोणतं आणि कुठली मैफल जन्मात विसरणार नाही.

एक काका म्हणाले, पुण्याला सवाई गंधर्वमध्ये रात्रभर बसलो, पहाटेला भैरवी ऐकूनच उठलो. सगळ्यांनी माना डोलावल्या. एका पोरीनं २०२५ च्या जानेवारीत नेरूळच्या स्टेडियमवर ऐकलेलं कोल्डप्ले सांगितलं. तिकीट अडीच हजारापासून पस्तीस हजारांपर्यंत, तरी बघता बघता संपलं. तिसऱ्यानं ब्लू फ्रॉगची याद काढली. मथुरादास मिलच्या आवारात २००७ ला उघडलेला आणि २०१६ ला बंद पडलेला क्लब. म्हणाला, गिरणीच्या त्या भिंतींत आवाज काय घुमायचा! घुमणारच. त्या भिंतींना साच्यांच्या खडखडाटाची सवय होती. तो बंद कुणी पाडला, हे मात्र कुणी विचारलं नाही.

माझी पाळी आली. मी सांगितली आमच्या चाळीच्या चौकातली चौदा एप्रिलची रात्र. टेबलं जोडून केलेलं स्टेज, वर ताडपत्री. एक पेटी, एक ढोलकी, एक बँजो, मागं टाळ्या देणारा कोरस. गाणाऱ्यानं वामनदादा कर्डकांचं गाणं घेतलं आणि बाया दहा-दहाच्या नोटा घेऊन रांगेनं पुढं आल्या. माईकवर पुकारा झाला, तिसऱ्या माळ्यावरच्या बायांकडून एकवीस रुपये. माझ्या आजीला सही येत नव्हती, पण त्या गाण्याची सगळी कडवी पाठ. महाडचं तळं तिनं कधी पाह्यलं नाही. ते पाणी ती गाण्यातनं प्याली.

मेळाव्याच्या बाई गोड हसल्या. म्हणाल्या, "छानच! पण हे लोकसंगीतात जातं. त्यावर आपण वेगळा कार्यक्रम ठेवू."

वेगळा! हा शब्द आमच्या जुन्या वळखीचा हाय. वेगळा पाणवठा, वेगळी कपबशी, वेगळं मसण. आता वेगळा कार्यक्रम.

तर रसिकहो, आता जरा बसा आणि ऐका.

पहिली गोष्ट गळ्याची. गणपती आले की लालबाग-परळच्या गल्लीगल्लीत प्रल्हाद शिंदे वाजतात. २००४ साली माणूस गेला, गळा अजून मंडपात हाय. त्याच गळ्यानं उभी हयात भीमगीतंही गायली. भाद्रपदात तो गळा भक्तिरस होतो आणि चौदा एप्रिलला तोच गळा खिडकीतनं आला की तुम्ही खिडकी लावून घेता. गळा एक, भाव दोन. आणि वर म्हणता, कलेला जात नसते!

दुसरी गोष्ट तुमच्या प्रश्नाची. आवडतं गाणं कोणतं, हे तुम्ही च्या पिता पिता विचारता. २०१५ च्या मे महिन्यात शिर्डीत नर्सिंग शिकणारा आमचा एक पोरगा लग्नाला म्हणून आला होता. मोबाईल वाजला. रिंगटोन बाबासाहेबांच्या गाण्याची. शेजारी बसलेल्यांनी ती बंद कर म्हटलं. त्यातनं भांडण झालं, त्याला उचलून नेला आणि मारून टाकला, अशी फिर्याद पोलिसांत गेली. त्या पोरानंही आवडतं गाणंच सांगितलं होतं. आपल्या तोंडानंसुद्धा नाही, खिशातल्या मोबाईलनं.

तिसरी गोष्ट ह्या परळची. इथल्याच दामोदर हॉलमध्ये ९ मार्च १९२४ ला बाबासाहेबांनी सभा बोलावली, त्यातनं बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. १९३० नंतरच्या काळात भीमराव कर्डकांसारख्यांचे जलसे चाळीचाळीतनं फिरले. जलशानं तमाशाची ढोलकी घेतली आणि देवाचा गण टाकला. गौळणीच्या जागी सवाल आला : तू माणूस असून पाण्याला का भितोस? गिरणीत राबलेल्या वामनदादांना अक्षर भेटलं ते मोठेपणी, ह्याच मुंबईत. मग त्यांनी जन्मभर ते अक्षर गात गात वाटलं. आमच्या आज्यांची शाळा ती. तिला लोकसंगीत म्हणून फडताळात ठेवू नका.

आणि गाण्याचं मोल म्हणाल तर ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा माणसं मेली. चार दिवसांनी मुलुंडच्या झोपडीत शाहीर विलास घोगरेनं डोक्याला निळी पट्टी बांधून गळफास घेतला. २०२० च्या सप्टेंबरात कबीर कला मंचाच्या तिघांना एल्गार प्रकरणात एनआयएनं उचललं. तुमच्या कुठल्या मैफलीनंतर गायकाच्या दारात पोलीस आले, सांगा की!

आता आपल्यातल्यांनो, टाळ्या थांबवा. तुमचाही हिशोब राहिलाय.

आपण काय करतोय? वामनदादांना फ्लेक्सवर टांगलंय आणि भिंतीएवढे स्पीकर भाड्यानं आणलेत. छातीत धडधडतं, शब्द मात्र एक कळत नाही. जलशाची ताकद शब्द कळण्यात होती. मी गोदीत ओझी वाहतो, रागाचं नाव मला सांगता येणार नाही. पण शब्द खोटा लागला की कान उभा राहतो. डीजेच्या भिंतीपुढं तो कानच मेला. डीजेला मंडळ हजारो मोजतं आणि म्हाताऱ्या कव्वालाला म्हणतं, दादा, जयंती हाय, समाजाचं काम समजून गा. ही वेठबिगारी झाली. बाबासाहेबांच्या नावानं केली म्हणून ती पुण्य होत नाही. आणि ज्याचं गाणं गातो त्या कवीचं नाव तरी कोण घेतं? गाणारा मोठा झाला, लिहिणारा गटारात मेला, ह्याला चळवळ म्हणायचं?

म्हणून मला त्या बाईंचा वेगळा कार्यक्रम नको. आपण आपलं काम करू. प्रत्येक गाण्याआधी कवीचं नाव पुकारा, जसं एकवीस रुपये देणाऱ्याचं पुकारता. कलावंताची बिदागी आधी ठरवा, मग फ्लेक्स छापा. चाळी पाडायला निघाल्यात. खोल्या रिकाम्या होताना भांडीकुंडी टेम्पोत चढतात आणि गाण्यांच्या वह्या रद्दीत जातात. त्या आधी मागून घ्या. हातात मोबाईल हाय ना? आजीपुढं धरा, तिला गाऊ द्या. माझ्या आजीचं मी केलं नाही. ती गेली, कडवी तिच्याबरोबर गेली. दोन तेवढी माझ्यापाशी उरली.

पुढच्या मेळाव्याला मी पुन्हा जाणार हाय. बाईंनी बोलावलं नाही तरी जाणार. गोलात बसणार आणि ती दोन कडवी मोठ्यांदा म्हणणार. खिडकी लावायची तर लावा.

जय भीम.