ओळख, वशिला आणि नोकरीच्या आडवाटा

रेल्वेने २०१९ मध्ये तंत्रेतर वर्गातील सुमारे ३५ हजार जागांसाठी अर्ज मागविले, तेव्हा जवळजवळ सव्वा कोटी अर्ज आले. एका जागेमागे साडेतीनशेंहून अधिक उमेदवार! परीक्षेच्या निकालाच्या पद्धतीवरून जानेवारी २०२२ मध्ये बिहारात जो उद्रेक झाला, तो हे प्रमाण ध्यानात घेतले म्हणजे अनपेक्षित वाटत नाही. ज्या दारापुढे साडेतीनशे माणसे उभी आहेत, तेथून एक सोडून बाकी सारी परत जाणार, हे अंकगणित आहे. उमेदवारांच्या गुणांनी वा परिश्रमांनी त्यात बदल होत नाही. आत जाणारा कोण, एवढेच काय ते त्यांनी ठरते. तरीही नोकरदार, शेतकरी वा कामगार कुटुंबातील पदवीधर आजही जाहिरात, अर्ज आणि परीक्षा हाच नोकरीचा राजमार्ग मानतो. बाकीच्या वाटा एक तर वशिल्याच्या, नाही तर नशिबाच्या, अशी समजूत घरोघरी रुजलेली आहे. ही समजूत कितपत खरी आहे, हे एकदा तपासून पाहणे आवश्यक आहे.

पहिली गोष्ट अशी की, देशातील बहुसंख्य आस्थापना जाहिरात देतच नाहीत. २०१३-१४ च्या सहाव्या आर्थिक गणनेत सुमारे ५ कोटी ८५ लाख आस्थापनांची नोंद झाली आणि त्यांत काम करणारी माणसे होती सुमारे १३ कोटी. म्हणजे सरासरीने एका आस्थापनेत सव्वादोन माणसे. अशा छोट्या पेढीचा, छापखान्याचा, दवाखान्याचा वा कारखान्याचा मालक नवा माणूस हवा झाला म्हणजे वर्तमानपत्रात निविष्टी देत नाही. तो हाताखालच्या माणसाला विचारतो, 'तुझ्या पाहण्यात कोणी आहे का?' रिक्त जागा सेवायोजन कार्यालयाला कळविण्याची सक्ती करणारा कायदा संसदेने १९५९ मध्ये केला. पण खासगी क्षेत्रात तो २५ वा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनांपुरता होता, आणि कार्यालयाने पाठविलेल्या उमेदवारालाच घेतले पाहिजे असे बंधन त्याने कोणावरही घातले नव्हते. जागा कळविणे आणि जागा भरणे या दोन भिन्न गोष्टी राहिल्या.

मालक असे का वागतो? त्याच्या स्वभावात याचे उत्तर शोधण्याचे कारण नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी १९६२ मध्ये श्रमबाजारातील माहितीवर लिहिताना एक साधी गोष्ट दाखवून दिली : माहितीलाही किंमत असते. कोणती जागा कोठे रिकामी आहे हे उमेदवाराला ठाऊक नसते आणि समोरचा उमेदवार कसा निघेल हे मालकाला ठाऊक नसते. दोघांनाही शोधाचा खर्च सोसावा लागतो. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये पदवीकडे याच दृष्टीने पाहिले. पदवी हा उमेदवाराने मालकाला दिलेला एक संकेत होय. परंतु जो संकेत सर्वांजवळ असतो तो कोणालाच वेगळे करून दाखवीत नाही. ज्या गावात पूर्वी चार पदवीधर होते तेथे आज चारशे असतील, तर मालकाला दुसरी खूण शोधणे भागच पडते. ही दुसरी खूण म्हणजे माहीतगार माणसाचा शब्द.

येथे एक मूलगामी प्रश्न उभा राहतो. हा माहीतगार माणूस कोण? सर्वसामान्य उत्तर असे, की काका, मामा, मेव्हणा किंवा जिवलग मित्र. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळील न्यूटन या गावी व्यावसायिक, तंत्रज्ञ व व्यवस्थापक वर्गातील २८२ पुरुषांची पाहणी केली. त्यांपैकी सुमारे ५६ टक्क्यांना नोकरी ओळखीतून लागलेली होती. जाहिराती वा मध्यस्थ संस्था यांच्याद्वारे लागलेल्यांचे प्रमाण १९ टक्क्यांच्या आत होते, आणि थेट जाऊन अर्ज करणाऱ्यांचेही तेवढेच. मात्र १९७३ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात त्याने पुढचा प्रश्न विचारला : ज्याने नोकरीची वार्ता दिली तो माणूस त्या काळात किती वेळा भेटत असे? वारंवार भेटणाऱ्याकडून वार्ता मिळाली असे सांगणारे १७ टक्केही नव्हते. उरलेल्यांना ती अधूनमधून वा क्वचितच भेटणाऱ्यांकडून मिळाली होती. याचे कारण उघड आहे. रोज भेटणाऱ्याला जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असते. दूरच्या ओळखीचा माणूस दुसऱ्या वर्तुळात वावरतो, आणि म्हणून नवी वार्ता त्याच्याकडे असते. लिंक्डइनवरील सुमारे दोन कोटी लोकांवर पाच वर्षे केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतही अगदी घट्ट नव्हे आणि अगदी विरळही नव्हे, अशा मधल्या ओळखीच नोकरी बदलण्यास अधिक उपयोगी पडतात असे आढळले.

याचा व्यावहारिक अर्थ असा, की आडवाट म्हणजे मामाकडे चिठ्ठी मागणे नव्हे. तीन वर्षांपूर्वी त्याच महाविद्यालयातून बाहेर पडलेली विद्यार्थिनी, सुटीत हिशेब लिहून दिलेला दुकानदार, प्रकल्पासाठी भेटलेला बँकेतील अधिकारी, ग्रंथालयात ओळख झालेले निवृत्त शिरस्तेदार, ही खरी उपयोगाची माणसे होत. त्यांच्याकडे 'नोकरी द्या' असे मागायचे नसते. 'आपल्या क्षेत्रात हल्ली कोणत्या कामाला माणसे लागतात, ती कोठून घेतात, आणि त्यांना काय येत नाही?' एवढे विचारले तरी पुरे. असा प्रश्न विचारणाऱ्याला सहसा कोणी दारातून परत पाठवीत नाही.

दुसरी आडवाट म्हणजे पाहिलेल्या कामाची साक्ष. दक्षिण आफ्रिकेत अर्जासोबत पूर्वीच्या मालकाचे पत्र जोडून पाहण्याचा प्रयोग झाला. पत्र जोडलेल्या अर्जांना मालकांकडून येणारी बोलावणी ६० टक्क्यांनी वाढली, आणि हा लाभ मुख्यतः स्त्री उमेदवारांना झाला. त्याच देशातील दुसऱ्या प्रयोगात बेकार तरुणांकडून आठवड्याच्या शोधाचा लेखी आराखडा करून घेतला गेला. त्यांनी शोधाला अधिक वेळ दिला नाही, पण शोधाच्या वाटा वाढविल्या, आणि त्यांच्यातील नोकरी लागण्याचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने वाढले. इथिओपियात, आदिस अबाबा येथे, काही तरुणांना शोधासाठी प्रवासखर्च दिला गेला आणि काहींना आपले गुण मालकापुढे कसे मांडावेत हे शिकविले गेले. आरंभी दोन्हींचा उपयोग झाला. चार वर्षांनंतर मात्र प्रवासखर्चाचा परिणाम विरून गेला होता, तर शिकविलेल्यांची मिळकत वाढलेली होती. या साऱ्या उपायांना लागणारा पैसा अल्प आहे. लागते ती कोणीतरी दिलेली थोडी सोबत.

येथवरचे विवेचन वाचून कोणी म्हणेल, की ही ओळखीची भलामण म्हणजे वशिल्याचेच सुधारलेले रूप होय. हा आक्षेप गंभीर आहे, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास याला साक्षी आहे. गिरणीत माणूस लावण्याचा अधिकार व्यवहारात मुकादमाच्या हाती असे. तो गावाकडची, भावकीतली, जातीतली माणसे आणी; गिरणगावात गावोगावच्या लोकांच्या सामाईक खोल्या होत्या, तेथे नवागताला आसरा मिळे आणि काम मिळण्याची वाटही तेथूनच निघे. कोकणातून वा साताऱ्याहून आलेल्या निरक्षर माणसाला या ओळखीने तारले, यात संशय नाही. परंतु मुकादमाला दस्तुरी मोजावी लागे, त्याची मर्जी सांभाळावी लागे, आणि ज्याचा कोणी मुकादम नव्हता तो दाराबाहेर राही. शाही श्रम आयोगाने १९३१ च्या अहवालात या मुकादमशाहीवर कडक टीका केली ती उगाच नव्हे.

ओळखीची ही साखळी तारते तशीच बांधूनही ठेवते. कैवान मुन्शी व मार्क रोझेनझ्वाइग या अर्थशास्त्रज्ञांनी दादरमधील शाळांत १९८२ ते २००१ या काळात पहिलीत दाखल झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. श्रमिक जातींतील मुलगे मराठी माध्यमातच राहिले, कारण जातीच्या ओळखीने जी कामे मिळत त्यांना इंग्रजी लागत नव्हते. मुलींना मात्र अशा ओळखीचा आधार कधीच नव्हता, म्हणून त्या इंग्रजी माध्यमाकडे वेगाने वळल्या आणि १९९० नंतरच्या नव्या नोकऱ्यांचा लाभ घेण्यास अधिक सिद्ध झाल्या. ज्या ओळखीने बापाला गिरणीत घेतले, तिनेच मुलाला गिरण्या बंद पडत असतानाही जुन्या वाटेवर धरून ठेवले. दुसरीकडे, सुखदेव थोरात व पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये असे दाखविले, की पात्रता सारखीच असूनही दलित वा मुस्लिम नावाच्या अर्जाला खासगी कंपन्यांकडून प्रतिसाद कमी येतो. म्हणजे ज्यांना ओळखीची गरज सर्वाधिक, त्यांच्याच वाट्याला ती सर्वांत कमी येते.

तेव्हा भेद करावयाचा तो ओळख आणि वशिला यांत. ओळख माहिती पोचविते. वशिला निर्णय फिरवितो. 'अमक्या ठिकाणी जागा आहे, आणि या मुलीचे काम मी पाहिले आहे,' असे सांगणे ही साक्ष होय. 'कसेही असले तरी याला घ्या,' असे सांगणे हा वशिला. कोलकात्यात २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना आपल्या ओळखीचा माणूस कामासाठी आणावयास सांगितले गेले. ज्यांचा मोबदला आणलेल्या माणसाच्या कामावर अवलंबून ठेवला, त्यांनी नातलगांऐवजी सहकाऱ्यांना आणण्याचे प्रमाण वाढविले. शब्दाची जबाबदारी घ्यावी लागली की वशिल्याची ओळख होते, असाच याचा अर्थ.

या भेदाचे उत्तरदायित्व शिक्षणसंस्थांवर येते. ज्यांच्या वडिलांच्या नावाने कोणतेही दार उघडत नाही, अशा विद्यार्थ्यांपुरते बोलावयाचे तर महाविद्यालय हीच त्यांची पहिली दूरची ओळख असते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 'कमवा आणि शिका' हे तत्त्व साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात १९४७ पासून आचरणात आणले. विद्यापीठांतून आज या नावाने ज्या योजना चालतात, त्यांतील काम पुष्कळदा बागेपुरते आणि ग्रंथालयापुरते राहते. तेच काम गावातील सहकारी बँक, छापखाना, रुग्णालय, बाजार समिती यांच्याकडे नेले, तर तीन वर्षांच्या अखेरीस प्रत्येक विद्यार्थ्याचे काम प्रत्यक्ष पाहिलेली दोन-तीन परकी माणसे तयार होतील. माजी विद्यार्थ्यांची वही प्रत्येक महाविद्यालयात असते. ती देणग्यांच्या वेळी उघडली जाते. कोण कोठे काम करतो आणि तेथे माणसे कशी घेतात, एवढी नोंद तिच्यात भरून ती सर्व विद्यार्थ्यांना सारखीच खुली ठेवावी. आणि प्राध्यापकांनी द्यावयाचा दाखला 'वर्तन चांगले' एवढ्यावर न थांबता, विद्यार्थ्याला नेमके काय येते हे दोन वाक्यांत सांगणारा असावा.

यातून नोकऱ्यांची एकूण संख्या वाढेल, असा भ्रम कोणी बाळगू नये. ती गुंतवणुकीने, शेती व उद्योगांच्या वाढीने आणि शासनाच्या धोरणानेच वाढेल. जी पदे शासनाने रिक्त ठेवली आहेत ती भरण्याची मागणी यामुळे लेशमात्र सैल होत नाही. तथापि पीटर डायमंड, डेल मॉर्टेन्सन व ख्रिस्तोफर पिसारिडिस यांना २०१० मध्ये ज्या कार्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले, त्याचे सार असे, की एकाच वेळी बेकार माणसेही असतात आणि रिकाम्या जागाही असतात, कारण दोघांची गाठ पडत नाही. ती गाठ घालून देणे हे काम आजवर मुकादमाने केले, मामाने केले आणि पुढाऱ्याच्या चिठ्ठीने केले. साडेतीनशेंच्या रांगेतून परतलेल्या मुलामुलींसाठी ते आता शाळा-महाविद्यालयांनी उघडपणे, नोंद ठेवून आणि कोणाचीही जात वा गाव न विचारता करावे, एवढीच अपेक्षा आहे.