दरड आधी एस्टिमेटमध्ये कोसळते

जुलै आला की बातमी ठरलेली. घाटात दरड कोसळली, वाहतूक ठप्प, जेसीबी रवाना. आणि साहेबांचं उत्तरही ठरलेलं : "अतिवृष्टीमुळे." अहो, कोकणात पाऊस पडतो ही काय बातमी झाली? रस्त्याचं एस्टिमेट करणाऱ्यालाही ते माहीत असतंच की.

मी मातीकामाची एस्टिमेट केलेली आहेत, म्हणून आतली गोष्ट सांगतो. कटिंगचं परिमाण काढताना एक आकडा टाकावा लागतो : बाजूचा उतार. ०.२५ टाकला तर चार मीटर उंचीला बाजू फक्त एक मीटर मागे जाते. जवळजवळ उभी भिंतच. १ टाकला तर मीटरला मीटर मागे, म्हणजे ४५ अंश. एक छोटा आकडा. पण तो काय करतो बघा.

समजा कटिंग तळाशी २४ मीटर रुंद आणि २० मीटर खोल आहे, दोन्हीकडे डोंगर. उतार ०.२५ धरला तर छेदाचं क्षेत्रफळ ५८० चौरस मीटर. १ धरला तर ८८०. एका किलोमीटरला फरक ३ लाख घनमीटर! दहा घनमीटरचा डंपर धरला तरी ३० हजार खेपा, आणि सुटलेली माती फुगते ते वेगळंच. वरची रुंदी ३४ मीटरवरून थेट ६४ मीटर होते. आता जागा ४५ मीटरच संपादित केली असेल तर दुसरा उतार बसणार कुठे? मग काय, उभा कापा!

खरं दुखणं हे आहे. उतार माती बघून ठरायला हवा, आपल्याकडे तो सातबारा आणि बजेट बघून ठरतो.

कोकणातला डोंगर एकसारखा नसतो. वर जांभा, बऱ्याच ठिकाणी त्याखाली मऊ चिकणमातीचा थर, आणि मग कातळ. कातळ उभा कापला तरी बहुतेकदा तग धरतो. ती माती पाणी प्यायली की घसरते, आणि वरचा जांभा घेऊन खाली येते. म्हणून प्रत्येक थराला वेगळा उतार हवा, मध्ये टप्पे हवेत, माथ्यावर पाणी अडवणारं गटार हवं. एस्टिमेटमध्ये मात्र वरपासून खालपर्यंत एकच आकडा!

भरावाचंही तेच. १० मीटर उंच भरावाला २ ऐवजी १.५ उतार धरला की किलोमीटरमागे ५० हजार घनमीटर माती वाचते. कागदावर. ६ मीटरच्या वरचे भराव स्थिरतेचा हिशोब करूनच आखायचे, हा नियम आहे. तो हिशोब कुणी कधी बघायला मागितला?

त्यात ईपीसी कंत्राट. रक्कम ठोक. ठेकेदाराने जेवढं कमी खोदलं तेवढा त्याचा फायदा. त्याला एकट्याला शिव्या देऊन उपयोग नाही, कंत्राटच तसं लिहिलंय.

"उतार सपाट केला तर शेतकऱ्याची जमीन जाते, झाडं जातात," हा मुद्दा खरा आहे, मी नाकारत नाही. मग उभाच कापा, पण रॉक बोल्ट, जाळी, संरक्षक भिंत, पाण्याचा निचरा यांचा खर्च पहिल्याच एस्टिमेटमध्ये धरा. जागाही घ्यायची नाही आणि भिंतीचे पैसेही धरायचे नाहीत, असं चालणार नाही.

कोकण रेल्वेने हा धडा महागात घेतला. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ दरडीमुळे गाडी घसरली, पन्नासहून अधिक माणसं गेली. त्यानंतर कटिंगचे उतार कमी केले, जाळ्या लावल्या, आणि अजूनही दर पावसाळ्यात गाड्या कमी वेगाने, वेगळ्या वेळापत्रकाने धावतात. म्हणजे आधी न धरलेला खर्च नंतर केलाच ना? पण माणसं परत आली नाहीत. एवढं डोळ्यांसमोर असताना मुंबई-गोवा महामार्गावर जुलै २०२२ मध्ये दरडीच्या भीतीने परशुराम घाट बंद ठेवावा लागला. शिकलो काय आपण?

मागणी साधी आहे. काम सुरू होण्याआधी प्रत्येक मोठ्या कटिंगचे छेद, धरलेला उतार आणि बोअरच्या नोंदी ग्रामपंचायतीत लावा. जागा त्या उताराप्रमाणे घ्या. उतार बदलला तर कुणाच्या सहीने बदलला, ते लिहा.

पुढच्या वेळी कुणी "नैसर्गिक आपत्ती" म्हणालं, तर एकच प्रश्न विचारा : साहेब, उतार किती धरला होता?

पटलं तर कोकणातल्या आपल्या माणसांपर्यंत पोहोचवा. पावसाळा काही थांबणार नाही.